हात बसेपर्यंत

तीन नंबरचं मशीन विकलं गेलं.
सुटं करायला सात महिने लागले, आणि ते आम्हीच केलं,
एकेका रोलरवर रंगाने आकडा घालत,
कुठल्या तरी लांबच्या देशात ते पुन्हा जोडता यावं म्हणून.
शेवटची पेटी गेली आणि
गावातला सडक्या कोबीचा वास गेला.
आमच्याकडे त्याला पैशाचा वास म्हणायचे.
आता तळ्यावरची हवा इतकी स्वच्छ
की झोप लागत नाही.

मी तौनो. वय चोपन्न.
एकतीस वर्षं कागद.
अंगठा आणि तर्जनीत धरून सांगायचो,
हा ऐंशी ग्रॅम, हा नव्वद,
हा ओला राहिलाय, हा रुसलाय.
रोजगार कचेरीतल्या मुलीने विचारलं,
"याशिवाय काय येतं?"
मी खूप वेळ खिडकीबाहेर पाहत राहिलो.
तिने तेवढा वेळ दिला, हे तिचे उपकार.
"बर्फ उपसता येतो," मी म्हणालो.
तिने तेही लिहून घेतलं.

शेजारचा कालेर्वो अजून पहाटे सव्वापाचला गाडी काढतो,
बंद फाटकापाशी जाऊन बसतो,
डबा खातो, परत येतो.
त्याला हसू नये.
मीही दोनदा गेलो होतो सोबत.
थर्मासातली कॉफी तीच होती.

मग सप्टेंबरात शाळा.
म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा शिकायची.
वर्गात माझ्या लेकीहून लहान अठरा जणी
आणि मागच्या बाकावर मी, चष्मा शोधत.
औषधांच्या मात्रेच्या परीक्षेत दोनदा नापास,
एका दशांशचिन्हापायी.
"बाईला तुम्ही दहापट मॉर्फिन दिलंत,"
मार्केट्टा म्हणाली,
"बाई कागदावरची होती, हे तिचं नशीब."
त्या रात्री मी सौनात बसून राहिलो
दगड थंड होईपर्यंत.
बायको दाराबाहेरून एवढंच म्हणाली,
"सूप गार होतंय."

मशीनवर कागद तुटायचा, रात्री-अपरात्री.
भोंगा, लाल दिवा, पायाशी कागदाचे ढीग.
कुणी त्याला शिव्या देत बसायचं नाही.
(द्यायचो. पण हात चालू ठेवून.)
सगळा पन्हा एकदम पलीकडे जात नसतो.
आधी वीतभर रुंदीची पट्टी काढायची,
तेवढीच न्यायची या रोलरवरून त्या रोलरवर.
तुटली की पुन्हा.
एका डिसेंबरात अकरा वेळा तुटली,
बाराव्यांदा ती पार गेल्यावर
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत,
फक्त रुंद करत गेलो, हळूहळू.

तिसऱ्या खेपेआधी मी रोज एकच गणित सोडवलं.
एकच. स्वयंपाकघरातल्या टेबलावर,
किराण्याच्या पावतीच्या पाठीवर.

हिल्का एक्क्याण्णव वर्षांची.
पहिल्या दिवशी मी तिचा मोजा उलटा चढवला.
दुसऱ्या दिवशी तिने मला कप फेकून मारला.
आठव्या दिवशी मनगटावरची पट्टी बदलायची होती.
तिची कातडी माझ्या दोन बोटांत आली
आणि बोटं आपणहून बोलली,
चाळीस ग्रॅमच्या आत. फाटेल. दमाने.
हे मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

"गार आहेत हात तुझे," ती म्हणाली.
मी ते काखेत धरून उभा राहिलो.
"नवा आहेस?"
"नवा."
"दिसत नाहीस."
"हात बसायला वेळ लागेल," मी म्हणालो.
तिने खिडकीजवळच्या खुर्चीकडे हनुवटीनेच खूण केली.
"मग बस की.
मला कुठे जायचंय?"